टर्न-बेस्ड फाइटमध्ये अ‍ॅक्शनचा बॅलन्स कसा बसवायचा

आमचा ग्रुप रविवारी नेरूळला रोल-प्लेइंग गेम खेळायला जमतो, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकून आळीपाळीने लढायचं; दोघं ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येतात, आणि एवढ्या लांबून आलेला माणूस दर टर्नला "मी तलवार मारतो" एवढंच बोलत असेल तर ती चूक नियमांची, त्याची नाही. स्वतःच्या फँटसी गेमचे नियम लिहीत असाल तर असं करून बघा.

आधी एका टर्नमध्ये माणसाकडे खर्चायला काय काय आहे ते ठरवा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच गेमच्या २०१४ च्या नियमांत एक अ‍ॅक्शन, चालणं, असलीच तर एक बोनस (जास्तीची, छोटी) अ‍ॅक्शन आणि दुसऱ्याने काही केलं की लगेच उत्तर द्यायला एक रिअ‍ॅक्शन. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या गेमच्या २०१९ च्या दुसऱ्या एडिशनमध्ये सरळ तीन अ‍ॅक्शन, चाला, मारा, ढाल उचला, काय हवं ते. नवीन माणसाला ही तीनवाली पद्धत पटकन कळते असं माझं मत आहे.

मग आकडेमोड, ही अजिबात टाळू नका. तलवारीला आठ बाजूंचा फासा अधिक ३, म्हणजे सरासरी ७.५, दहातले सहा वार लागतात धरलं तर एका अ‍ॅक्शनची किंमत झाली ४.५ डॅमेज. आता बाकी सगळं याच्याशी तोलायचं. साधं हीलिंग पोशन, म्हणजे जखमा भरणारं औषध, पात्राच्या जिवाचे सरासरी ७ पॉइंट परत देतं, आणि समोरचा राक्षस टर्नला ६-७ काढत असेल तर अख्खी अ‍ॅक्शन घालवून तुम्ही होतात तिथेच, राक्षसाला ओरखडाही नाही, मग कोण पिणार? आम्ही पोशन बोनस अ‍ॅक्शनवर आणलं तेव्हा कुठे लोक प्यायला लागले, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२४ च्या नियमांतही तसंच केलंय.

पण स्वस्त करताना बघा की त्या जागेसाठी भांडणारं दुसरं काहीतरी आहे ना. रोग (Rogue, चोरटं पात्र) घ्या, त्याला बोनसमध्येच लपायचंय, पळायचंय, दुसऱ्या हातातला खंजीरही मारायचाय, म्हणून त्याला दर टर्नला खरंच विचार करावा लागतो. ज्या फायटरची, म्हणजे साध्या लढवय्याची, ती जागा रिकामीच असते त्याला पोशन फुकट पडतं, त्याला तिथे काहीतरी कामाचं द्या.

तेच तेच करणं थांबवायला बंदी घालू नका, महाग करा. पाथफाइंडरमध्ये एकाच टर्नमधल्या दुसऱ्या वाराला फाशाच्या आकड्यातून ५ वजा, तिसऱ्याला १०, वीस बाजूंच्या फाशावर एक पॉइंट म्हणजे ५ टक्के, म्हणजे वार लागायची शक्यता ६० टक्क्यांची ३५ आणि मग १०. तिसरा वार परवडत नाही, माणूस आपोआप ढाल उचलतो नाहीतर मागे सरकतो.

रिअ‍ॅक्शन फेरीला एकच ठेवा, ती दुसऱ्याच्या टर्नमध्ये घुसते.

शेवटी तीन फाइट खेळा आणि कोणी कुठल्या टर्नला काय केलं ते वहीत लिहा. चारपैकी तीन टर्न तेच दिसलं तर कुठेतरी किंमत चुकलीय, ती बदला, पण एका वेळी एकच, दोन बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळतच नाही.