लोझानला जाण्याआधी तालमीची घटना (नियमावली) वाचा

स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातल्या आमच्या तिसऱ्या दिवशी, क्रीडाविषयक वादांत वकिली करणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंनी व्याख्यान सुरू करण्याआधी आम्हा चौदा विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारला. तुमच्या गावातल्या क्लबने एखाद्या खेळाडूवर बंदी घातली, तर त्याने दाद कोणाकडे मागायची आणि किती दिवसांच्या आत मागायची? आमच्यात चार फुटबॉलपटू, तीन मल्ल आणि दोन नेमबाज होते. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला आमचा एक मित्र गेली कित्येक वर्षे तालमीकडून शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतो आहे आणि पंचाशी हुज्जत घातल्याबद्दल तो स्वतः काही सामने बाहेर बसलेला आहे. तोसुद्धा वहीत मान घालून बसला. मी क्रीडा व्यवस्थापन हा विषय घेऊन एम. पी. एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) करत होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची रचना मला तोंडपाठ होती, पण माझ्या पेठेतल्या तालमीची घटना, म्हणजे लेखी नियमावली, मी कधी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

जून २०२५ मधल्या त्या नऊ दिवसांच्या अभ्यासदौऱ्याबद्दल पुढच्या तुकडीतले विद्यार्थी विचारतात, तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात : खर्च किती आला, व्हिसा मिळतो का, जेवणाचे काय केले. त्यांची उत्तरे मी पुढे देणारच आहे; पण ती कोणताही एजंट देऊ शकतो. व्याख्यानाच्या खोलीत आमची जी फजिती झाली ती कशी टाळावी, हे मात्र एजंट सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिण्याचा खटाटोप.

दौऱ्यासाठी लोझानच का, हे आधी समजून घ्यावे. पॅरिसमध्ये १८९४ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, तटस्थ देश म्हणून स्वित्झर्लंडमधल्या या शहरात आली आणि तिच्यामागून एकेक करत अनेक खेळांच्या जागतिक संघटना तिथल्या जिनिव्हा सरोवराच्या आसपास येऊन बसल्या. युरोपीय फुटबॉलचा कारभार जवळच्या न्यों गावातून चालतो आणि फिफाचे मुख्यालय झुरिकला आहे. यामागे शांतता आणि निसर्ग यांच्याइतकाच कायद्याचाही भाग आहे. स्विस नागरी संहितेच्या ६० व्या कलमानुसार, नफ्याचा हेतू नसलेल्या मंडळाने आपल्या लेखी नियमांतून संस्था म्हणून उभे राहण्याचा इरादा स्पष्ट केला की त्याला कायदेशीर अस्तित्व मिळते. त्यासाठी कोणत्याही निबंधकाच्या दारात उभे राहावे लागत नाही. आपल्याकडे साध्या तरुण मंडळालाही १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि कार्यकारिणी बदलली की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. अब्जावधींची उलाढाल करणारी जागतिक संघटना आणि आपल्या गल्लीतले मंडळ ही कायद्याच्या दृष्टीने एकाच जातीची माणसे आहेत, ही गोष्ट मला तिथे जाऊन कळली. ती इथे बसूनही कळू शकली असती, असे आता वाटते.

कोल्हापूरच्या माणसाने खेळासाठी परदेशातून काही शिकून येण्याची परंपरा जुनी आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली इंग्लंडच्या प्रवासात रोमला गेले, तिथले कोलोसियम त्यांनी पाहिले आणि पुढे १९१२ साली खासबाग मैदान कुस्तीसाठी खुले झाले. त्या मैदानात कोणत्याही कोपऱ्यात बसा, हौद्यातला, म्हणजे मधल्या मातीच्या आखाड्यातला, डाव स्पष्ट दिसतो, कारण बैठक चहूबाजूंनी उतरत हौद्याकडे येते. महाराज तिथे गेले ते पहिलवानांना काय हवे आहे हे आधीपासून जाणून गेले होते, म्हणून त्या भग्न वास्तूत त्यांना बैठकीची रचना दिसली. आमच्यातल्या बहुतेकांना पहिले दोन दिवस फक्त सरोवर दिसले. (ते सुंदर आहे, यात वाद नाही.)

आता कागदपत्रांविषयी. शेंगेन व्हिसाचा (स्वित्झर्लंडसह युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या सामायिक व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. परंतु भेटीची तारीख मिळणे हेच अवघड असते, म्हणून तीन महिने आधी कामाला लागावे. प्रवास-आरोग्य विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागते. आम्ही त्यासाठी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो.

सर्वांत जास्त त्रास झाला तो नावाचा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. काही ठिकाणी शेवटी आईचेही. पासपोर्टवर मात्र आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकीची नावे वेगळ्या रकान्यात. आमच्या एजंटाने तिघांच्या विमापत्रांवर वडिलांचे नाव आडनावाच्या जागी छापून घेतले, आणि हे अर्जाच्या आदल्या रात्री, डब्यातल्या दिव्याखाली कागद लावताना, कागलच्या नेमबाज मैत्रिणीच्या लक्षात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला एका झेरॉक्सच्या दुकानात बसून आम्ही सुधारित विमापत्रे मागवली आणि धावत वेळ गाठली. तेव्हा विमा, तिकीट, महाविद्यालयाचे ना-हरकत पत्र आणि बँकेचे विवरण या चारही कागदांवरचे नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळते की नाही, हे स्वतः पाहावे. एजंटावर सोपवू नये.

खर्चाबाबत एवढेच सांगतो की स्वित्झर्लंडमध्ये सगळेच महाग आहे, पण नळाचे आणि रस्त्यावरच्या कारंज्यांचे पाणी पिण्याजोगे असते. तिथले चलन युरो नव्हे, फ्रँक आहे. रविवारी दुकाने बहुतेक बंद असतात. भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट खुशाल न्यावे. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपाबाहेरून आणायला मनाई असल्यामुळे आईने दिलेले तूप घरीच ठेवून जावे. पैशांची अडचण असणाऱ्यांनी लाजू नये. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले, तेव्हा राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते आणि तिथून खाशाबांनी कांस्यपदक आणले. आमच्यातल्या दोघांचा खर्चही त्यांच्या तालमीने आणि गावातल्या लोकांनी मिळून उचलला.

प्रत्यक्ष दौऱ्यात सर्वांत उपयोगी ठरला तो वेवेजवळच्या कोर्सिए गावाचा फेरा. जागतिक कुस्ती संघटनेचे मुख्यालय तिथे आहे. आम्ही ते बाहेरूनच पाहिले. आमच्यातला गंगावेशीत सराव करणारा मल्ल त्या इमारतीसमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "इथनं एक पत्र निघतंय आणि तिकडं आमची पोरं झेंड्याविना खेळत्यात." त्याचे म्हणणे खरे होते. भारतीय कुस्ती महासंघाच्या निवडणुका मुदतीत झाल्या नाहीत म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक संघटनेने महासंघाला निलंबित केले. पुढच्याच महिन्यात बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपले मल्ल तिरंग्याऐवजी जागतिक संघटनेच्या झेंड्याखाली उतरले आणि कुस्तीपटू अंतिम पंघलने तिथे ५३ किलो गटात कांस्यपदक मिळवले ते त्याच झेंड्याखाली. निलंबन फेब्रुवारी २०२४ मध्ये उठले. फुटबॉलवाल्या मित्रांनी लगेच आठवण करून दिली की ऑगस्ट २०२२ मध्ये फिफानेही भारतीय फुटबॉल महासंघाला बाहेरच्या हस्तक्षेपाच्या कारणावरून निलंबित केले होते आणि दीड आठवड्यात ते मागे घेतले होते. वर्तमानपत्रात वाचताना या दोन सुट्या बातम्या वाटल्या होत्या. त्या दिवशी परतीच्या गाडीत आम्ही दोन्ही संघटनांचे नियम शेजारी ठेवून वाचले, तेव्हा दोन्ही ठिकाणी हत्यार एकच असल्याचे दिसले : सदस्यत्व.

क्रीडा लवादाचे, म्हणजे खेळांतले वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे, कामकाज समजावून देताना वकीलबाईंनी कुस्तीपटू विनेश फोगाटचे प्रकरण घेतले. लवादाची स्थापना १९८४ ची असून मुख्य कार्यालय लोझानमध्येच आहे. ऑलिंपिकच्या काळात तो खेळांच्या गावीच तात्पुरता विभाग उघडतो. पॅरिसमध्ये अंतिम लढतीच्या सकाळी विनेशचे वजन पन्नास किलोंपेक्षा शंभर ग्रॅम जास्त भरले म्हणून ती बाद ठरली आणि १४ ऑगस्ट २०२४ रोजी लवादाने तिचा अर्ज फेटाळला. आमच्यातले मल्ल या विषयावर चिडून बोलले आणि ते स्वाभाविकच होते, कारण वजन तोडण्यासाठी रात्रभर घाम काढणे काय असते, हे त्यांनी भोगलेले आहे. बाईंनी त्यांचे सगळे ऐकून घेतले आणि मग नियमावलीचे अकरावे कलम समोर ठेवले : दुसऱ्या दिवशीच्या वजनात जो बसत नाही तो स्पर्धेतून बाद होतो आणि शेवटच्या क्रमांकावर जातो. लवादापुढचा प्रश्न नियम कठोर आहे का, हा नव्हता. नियमात सवलतीला जागा आहे का, हा होता. हे पटायला आम्हाला वेळ लागला आणि एकाला ते अजून पटलेले नाही. संघटनेच्या नियमांत वेगळी मुदत नसेल तर निर्णय मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लवादाकडे अपील करावे लागते, हे मी त्या दिवशी वहीत दोनदा अधोरेखित केले. त्यानंतर मर्यादित कारणांवर स्विस संघीय न्यायालयाकडे जाता येते, आणि तेही लोझानमध्येच आहे.

ऑलिंपिक संग्रहालयासाठी अर्धा दिवस ठेवलेला होता. मला तो पुरेसा वाटला, इतरांना कमी पडला. त्यापेक्षा आधुनिक ऑलिंपिकचे जनक पिएर द कुबर्तां यांच्या थडग्यापाशी काढलेली वीस मिनिटे माझ्या लक्षात राहिली. त्यांचे शरीर लोझानच्या दफनभूमीत आणि हृदय, त्यांच्याच इच्छेनुसार, ग्रीसमधल्या ऑलिंपियात पुरलेले आहे.

रविवारी, कार्यक्रमपत्रिकेत नसताना, आमच्या सरांनी आम्हाला एका खेड्यातल्या श्विंगेनच्या जत्रेला नेले. ही स्विस लोकांची पारंपरिक कुस्ती. लाकडाच्या भुशाचा गोल फड आणि नेहमीच्या कपड्यांवर चढवलेली जाड्याभरड्या कापडाची आखूड चड्डी. तिलाच धरून एकमेकांना उचलायचे. वजनी गट नाहीत, त्यामुळे आदल्या दिवशीच्या शंभर ग्रॅमवरून पेटलेली चर्चा त्या भुशात आपोआप विझली. कोणाशी कोणाची जोड लावायची हे जाणकार मंडळी बसून ठरवतात, अगदी आपल्या गावच्या जत्रेतल्या मैदानासारखे. दर तीन वर्षांनी होणाऱ्या राष्ट्रीय मेळाव्यात विजेत्याला बैल मिळतो. त्या वर्षीचा मेळावा ऑगस्टअखेरीस मोलिस गावी होता. आम्ही पाहिलेल्या एका लढतीत धिप्पाड तरुणाने समोरच्याला पाठीवर आपटले, स्वतः उठला, हात देऊन त्याला उठवले आणि मग अगदी निगुतीने, दोन्ही हातांनी, हरलेल्याच्या पाठीवरचा आणि खांद्यांवरचा भुसा झाडला. तो तिथला रिवाज आहे. आमचे तिन्ही मल्ल हे पाहताना गप्प झाले. आपल्याकडे लढतीआधी एकमेकांच्या अंगावर माती टाकून हातसलामी होते. लढत संपल्यावर ती माती झाडण्याचे काम मात्र ज्याचे त्याला.

रोज रात्री अर्धा तास वही लिहिणे आम्हाला सक्तीचे होते आणि सुरुवातीला सगळ्यांनी त्याबद्दल कुरकुर केली. नवख्यांना माझे सांगणे असे की दिवसभराचा वृत्तांत लिहू नये, त्याचा पुढे काही उपयोग होत नाही. दिवसातली एकच गोष्ट घ्यावी आणि तिच्यासारखे आपल्याकडे काय आहे, ते कोण चालवते आणि कोणत्या कागदावर, एवढे लिहावे. कागलच्या मैत्रिणीने रोज नेमबाजीच्या रेंजविषयी लिहिले. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली ऑलिंपिक कांस्य मिळवल्यानंतर जिल्ह्यात ज्या मुलांना रायफल हातात घ्यावीशी वाटते, त्यांना गोळ्या आणि परवाना यांचा मार्ग कोण दाखवतो, या तिच्या नोंदींतूनच पुढे तिचा प्रबंध झाला. शिवाजी पेठेतल्या मित्राने खेळाडू नोंदणीवर लिहिले, कारण कोल्हापूरच्या संघांतून आता परदेशी खेळाडूही उतरतात आणि त्यांच्या कागदपत्रांची माहिती असलेला माणूस प्रत्येक तालमीला हवा आहे. क्रीडा व्यवस्थापनातली नोकरी म्हणजे फक्त मोठ्या लीगमधली नोकरी, हा आमचा समज तिथेच गळून पडला.

परत आलो तेव्हा पावसाने जोर धरला होता. तालमीत गेलो, तर वस्तादांनी लंगोट वाळत घालता घालता विचारले, "काय बघून आलास रं?" मी भुशाच्या फडाचे आणि बैलाचे सांगितले. "बैल देत्यात व्हय?" म्हणून ते हसले आणि मग भुसा अंगाला टोचत नाही का, खाली जमीन किती मऊ असते, असे बारीक बारीक विचारत राहिले. त्यांना ताक, तेल, लिंबू आणि हळद घालून मळलेल्या मातीची सवय. भुशावर कुस्ती ही कल्पना त्यांना फारशी रुचली नाही.

पुढच्या शनिवारी मी सचिवकाकांकडे तालमीची घटना मागितली. त्यांना ती सापडायला तासभर लागला. गदा ठेवायच्या कपाटात, जुन्या पावतीपुस्तकांखाली, टाइप केलेली सात पाने निघाली. टाचणी गंजून कागदाला चिकटली होती. शिस्तभंगाचे कलम पाचव्या पानावर होते आणि त्यात लिहिले होते, "याबाबत अध्यक्षांचा निर्णय अखेरचा राहील." दाद कोणाकडे मागायची, याचा उल्लेख नव्हता, दिवसांचा तर नव्हताच. त्या ओळीशेजारी समासात कोणीतरी, कधीतरी, पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते. सचिवकाकांनी चष्मा पुसून ते पाहिले आणि हे अक्षर कोणाचे असावे, यावर आमची चहा येईपर्यंत चर्चा झाली.