एआय सेफ्टी शिकवणारी संस्था काढताय? सहसंस्थापक निवडताना या चुका टाळा

गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवी धडपड दिसू लागली आहे. लंडनच्या ब्लूडॉट इम्पॅक्टसारख्या संस्थेचा एआय सेफ्टीचा, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता सुरक्षित ठेवण्याच्या विषयाचा, ऑनलाइन अभ्यासक्रम कुणीतरी पूर्ण करतं, एआय प्रणाली कुठे आणि कशा हाताबाहेर जाऊ शकतात याचा अंदाज येतो, आणि मग राहवत नाही. हे सोलापूरच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना, लातूरच्या शिक्षकांना त्यांच्या भाषेत कोण सांगणार? संस्था काढायचं ठरतं, लगोलग सहसंस्थापकाचा शोध सुरू होतो आणि तिथेच घाई होते.

ही धडपड मला फार मोलाची वाटते, म्हणूनच ती माणसांच्या भांडणात विझू नये असं मनापासून वाटतं. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका संस्थेची नोंदणी होण्याआधीच घडतात. म्हणजे त्या टाळायलाही तेव्हाच सवड असते.

ध्येय एक आहे, म्हणजे जमेल असं धरून चालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

आजूबाजूचे लोक 'हे सगळं सिनेमातलं' म्हणून विषय उडवून लावत असताना, अर्ध्या वाक्यात सगळं समजून घेणारा माणूस भेटला की फार बरं वाटतं. त्या आनंदात साधे प्रश्न विचारायचे राहून जातात. हा नोकरी सोडणार का? पगार घेणार का, किती? घरच्यांना हे मान्य आहे का? आणि दोघांचं पटलं नाही तर शेवटचा शब्द कुणाचा?

महाराष्ट्राला याचं घरचंच उदाहरण आहे. टिळक आणि आगरकर हे डेक्कन कॉलेजातले मित्र. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. शिक्षणातून समाज उभा करायचा, त्यासाठी सरकारी नोकरीची वाट सोडायची, यावर या मंडळींचं पूर्ण एकमत होतं. दोघांमधला सामाजिक सुधारणांचा वाद आपण शाळेत वाचतो. पण सोसायटीच्या आतला वाद बराचसा वेतनाचा आणि वेळेचा होता. आजीव सदस्यांनी ठरलेल्या वेतनात भागवावं, बाहेरच्या कामात आणि बाहेरच्या मिळकतीत शक्ती घालू नये, असा टिळकांचा आग्रह. आगरकरांना आणि इतर सहकाऱ्यांना तो त्या कडकपणाने मान्य नव्हता. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद स्वीकारल्यावर हा वाद टोकाला गेला आणि १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. इतक्या त्यागी माणसांनाही ध्येयावरचं एकमत पुरलं नाही.

आपल्या क्षेत्रातलं उदाहरण त्याहून ताजं आहे. चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय डिसेंबर २०१५ मध्ये ना-नफा संस्था म्हणूनच सुरू झाली आणि एआय सगळ्यांच्या हिताचा व्हावा हे ध्येय सगळ्या संस्थापकांनी जाहीरपणे स्वीकारलं होतं. सहसंस्थापक एलॉन मस्क यांनी २०१८ मध्ये संचालक मंडळ सोडलं आणि २०२४ मध्ये त्याच संस्थेला कोर्टात खेचलं. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२३ मध्ये, मंडळाने मुख्य कार्यकारी सॅम ऑल्टमन यांना काढलं आणि पाच दिवसांत ते परत आले. नियंत्रण कुणाकडे आणि पैसा कसा उभा करायचा, यावर ही माणसं फाटली.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न दाखवता, काही प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहायची: पुढची दोन वर्षं आठवड्याला किती तास देणार, घर चालवायला महिन्याला किमान किती रुपये लागतात, अनुदान आलंच नाही तर किती महिने थांबू शकतो, बाहेरची कोणती कामं चालू ठेवणार, कोणत्या परिस्थितीत संस्था सोडणार. मग एकाच वेळी कागद बदलायचे. चहा पिताना तोंडी विचारलं तर समोरच्याचा चेहरा पाहून उत्तर बदलतं, म्हणून आधी लिहायचं.

अभ्यासक्रमाबद्दल गृहीत धरणं

एकाच्या डोक्यात डीपफेक म्हणजे एआयने बनवलेले खोटे व्हिडिओ, आवाजाची नक्कल करून होणारी फसवणूक आणि निवडणुकीतला खोटा प्रचार असतो. दुसऱ्याच्या डोक्यात माणसापेक्षा सक्षम प्रणालींवरचं नियंत्रण सुटणं आणि जैविक शस्त्रांसाठी होणारा गैरवापर असतो. दोन्ही विषय खरे आहेत, दोन्ही शिकवायला हवेत. पण पहिल्यासाठी विद्यार्थी म्हणजे ग्रामपंचायतीतले कर्मचारी आणि ज्येष्ठ नागरिक, दुसऱ्यासाठी मशीन लर्निंग येणारे पदव्युत्तर विद्यार्थी. शिक्षक वेगळे, देणगीदार वेगळे, यश मोजण्याची रीतही वेगळी. हा फरक पहिली बॅच सुरू झाल्यावर कळला तर दोघांपैकी एकाला आपण फसलो असं वाटतं.

म्हणून प्रत्येकाने आपापला आठ सत्रांचा आराखडा करावा. कोण बसणार, कोणत्या भाषेत, काय वाचायला देणार, शेवटी त्या विद्यार्थ्याला काय करता यायला हवं, हे सगळं त्यात यावं. आराखडे थोडे वेगळे निघाले तर उत्तम, त्यातून चांगला अभ्यासक्रम तयार होतो. विद्यार्थीच वेगळे निघाले तर या दोन संस्था आहेत हे मान्य करावं आणि मित्र राहावं.

याच बैठकीत आणखी एक अवघड प्रश्न घ्या. आपले हुशार विद्यार्थी पुढे मोठ्या एआय कंपन्यांत नोकरीला गेले तर आपण त्याला यश म्हणणार का? आतून सुरक्षिततेवर काम करणारी माणसं हवीत असं काहींना प्रामाणिकपणे वाटतं. काहींना वाटतं की त्यामुळे या कंपन्यांच्या आपसातल्या शर्यतीलाच हातभार लागतो. तसंच, अशा एखाद्या कंपनीने देणगी देऊ केली तर घ्यायची का? माझं मत असं की छोट्या शिक्षणसंस्थेने पहिली काही वर्षं तो पैसा घेऊ नये, कारण ज्यांच्याबद्दल शिकवायचं त्यांच्याच पैशावर वर्ग चालला तर ऐकणारा साशंक होतो. तुमचं मत वेगळं असू शकतं. दोघांची मतं एकमेकांविरुद्ध आहेत हे मात्र धनादेश हातात आल्यावर कळता कामा नये.

स्वतःसारखाच माणूस शोधणं

दोन इंजिनिअर मिळून शिक्षणसंस्था काढतात आणि वर्गात कधी उभं राहिलेलं कुणीच नसतं, हे चित्र नेहमीचं आहे. एआय सेफ्टीच्या वर्तुळात शोधलं की संशोधक मिळतात. शिकवणारी, माणसं जोडणारी, हिशेब ठेवणारी माणसं तिथे कमी भेटतात. खरं तर या विषयातली मूलभूत माहिती हुशार शिक्षक काही महिन्यांच्या मनापासून केलेल्या अभ्यासात आत्मसात करू शकतो. मागच्या बाकावरच्या मुलाला बोलतं करायची हातोटी मात्र तितक्या वेळात येत नाही.

म्हणून शोध जरा बाजूला न्या. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगते आहे. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र शिक्षकांसोबत काम करतं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत वर्षानुवर्षं गावोगाव बोलणारे कार्यकर्ते आहेत, आणि लोकांना न घाबरवता गंभीर गोष्ट कशी सांगायची हे त्यांच्याइतकं फार थोड्यांना येतं. अशा माणसाला 'एआय सेफ्टी माहीत नाही' म्हणून बाद करू नका. महिनाभर वाचायला साहित्य द्या आणि तो कोणते प्रश्न विचारतो ते ऐका.

गप्पांवरून निर्णय घेणं

दहा व्हिडिओ कॉलवर जे कळत नाही ते एका छोट्या कामात कळतं. लंडनच्या अँबिशियस इम्पॅक्ट या संस्थेच्या, म्हणजे पूर्वीच्या चॅरिटी आंत्रप्रेन्युअरशिपच्या कार्यक्रमात होऊ घातलेले संस्थापक आधी वेगवेगळ्या जोडीदारांसोबत खरी कामं करतात आणि नंतर जोडी ठरते. ही पद्धत कुणालाही उचलता येते.

सहा ते आठ आठवडे घ्या. एका कॉलेजात पंधरा-वीस मुलांची छोटी बॅच चालवा, एक अनुदान अर्ज मिळून लिहा, खर्चाचा ताळेबंद मिळून करा. मुद्दाम एक नावडतं काम ठेवा: प्राचार्यांची परवानगी, हजेरी, पावत्या. मग पाहा, ईमेलला उत्तर कोण देतं, पावत्या कोण जपतं, तुमचं सत्र रटाळ झालं हे तो तुम्हाला कसं सांगतो आणि त्याचं झालं तर तुम्ही सांगू शकता का. हा शेवटचा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवीन. ज्या जोडीत एकमेकांना वाईट बातमी सांगता येत नाही, ती जोडी विद्यार्थ्यांना धोक्यांबद्दल खरं बोलायला शिकवू शकणार नाही.

सात सह्यांसाठी घरचे लोक

१८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात ती धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते. मग मामा, मेहुणी, शेजारचे काका अशा सह्या गोळा होतात. पुढे मतदानाची वेळ आली की ही सगळी मंडळी कायद्याने तुमच्या सहसंस्थापकाच्या बरोबरीची असतात, आणि ज्याचे नातेवाईक जास्त, त्याचं बहुमत.

कंपनी कायद्याखालच्या ना-नफा संस्थेला, म्हणजे खासगी सेक्शन ८ कंपनीला, दोन संचालक पुरतात, पण दोघांत मत फुटलं की गाडी जागेवर थांबते. तिसरा संचालक असा घ्या, जो दोघांपैकी कुणाचाही खास मित्र नाही आणि तरीही दोघं ज्याचं ऐकतात. निवृत्त प्राचार्य किंवा एखादा अनुभवी सीए इथे फार उपयोगी पडतो.

आणि एक विचारून घ्या: तुम्हाला सहसंस्थापकच हवा आहे का? कधी कधी गरज असते पगारी समन्वयकाची किंवा महिन्याला दोन तास देणाऱ्या सल्लागाराची. त्यांना संस्थापक म्हणून बसवलं तर पुढे त्यांच्यावरही अन्याय होतो.

पैशाचं बोलणं पुढे ढकलणं

ना-नफा संस्थेत नफ्यात वाटा देणारे शेअर नसतात. स्टार्टअपमधली चार वर्षांत हिस्सा मिळत जाण्याची सोय इथे नाही, म्हणून माणसाला बांधून ठेवणारं काही नाही आणि निघून जाणाऱ्याला द्यायलाही काही नाही. उरतो पगार, आणि नेमकं त्यावरच बोलायला आपल्याला संकोच वाटतो. न्यासपत्रात तरतूद नसेल तर विश्वस्ताला मानधन घेणं अडचणीचं होतं. वाजवीपेक्षा जास्त घेतलं तर संस्थेची करसवलत धोक्यात येते. कोण विश्वस्त राहणार आणि कोण पगारी कार्यकारी होणार, हे मसुदा लिहिण्याआधीच ठरवा.

परदेशी पैसा हा वेगळा विषय. एआय सेफ्टीला पैसे देणारे बहुतेक मोठे निधी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये आहेत. तो पैसा घ्यायला लागणाऱ्या एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणीसाठी मात्र संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी लागते आणि त्या काळात आपल्या कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. त्याआधी विशिष्ट देणगीसाठी पूर्वपरवानगीचा मार्ग असतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे आणि कार्यकारिणीच्या सदस्यांचं मानधन त्यातच धरलं जातं. म्हणजे दोन्ही संस्थापक कार्यकारिणीत बसून परदेशी निधीतून पूर्ण पगार घेणार असं गणित मांडलं असेल, तर ते बहुधा कोसळेल.

सहसंस्थापक कॅलिफोर्नियात किंवा लंडनमध्ये राहणारा मराठी माणूस असेल तर त्याचा पासपोर्ट कोणता हे विचारा. भारतीय नागरिकत्व असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेलं असेल तर ठरते, मग नाव आणि मूळ गाव काहीही असो.

आधीच बिनसलं असेल तर

खुणा ओळखता येतात. बैठकीत झालेले निर्णय दुसऱ्या दिवशी मेसेजवर पुन्हा उघडले जातात. एकजण देणगीदारांशी परस्पर बोलू लागतो. सगळे अर्ज आणि हिशेब एकाच्याच गळ्यात पडतात आणि तो ते बोलून दाखवत नाही. अशा वेळी पुन्हा ध्येयावर भाषणं करू नका. मागच्या महिन्यात कुणी कोणतं काम केलं याची यादी समोर ठेवा आणि कामं नव्याने वाटा. तिसऱ्या विश्वस्ताला बसवा. दोन महिन्यांनी पुन्हा तपासायचं अशी तारीख घालून घ्या, आणि त्या तारखेला खरोखर बसा.

तरीही नाही जमलं तर सभ्यपणे वेगळं व्हा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. तो राहिला तर वर्षांनंतर बँकेत किंवा अनुदानाच्या वेळी अडतं. बँकेतल्या सह्या, डोमेन, ईमेल आणि विद्यार्थ्यांची माहिती असलेल्या फाइल्स त्याच आठवड्यात बदला. अभ्यासक्रमाचं विसरू नका. पगार न घेता लिहिलेल्या धड्यांचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो आणि तो संस्थेकडे यायला लेखी हस्तांतरण लागतं. सगळ्यात सोपं म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळं साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे इतरांना वापरायची आधीच लेखी मुभा देऊन, खुलं ठेवायचं. मग निघून गेलेला सहकारी नाशिकमध्ये आपला वर्ग त्याच धड्यांवर सुरू करू शकतो, आणि तुमचा पुण्यातला वर्गही थांबत नाही.