एलपीजीवर कटिंग: नोझल बघितलं नाही म्हणून गेलेला माझा आठवडा

आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेड करताना गॅस कटिंग शिकलो ते डीएवर, म्हणजे ॲसिटिलीनवर. भोसरीच्या ज्या शेडमध्ये पहिली नोकरी लागली, तिथे सगळं कटिंग एलपीजीवर चालायचं. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर आणि शेजारी ऑक्सिजनचा काळा. कटिंगचा टॉर्च, म्हणजे गॅसची ज्योत सोडणारं हत्यार, ओळखीचा, म्हणून वाटलं हातही तोच चालेल. पहिल्या आठवड्यात १६ मिलिमीटरच्या प्लेटवर मी जे केलं, त्याला कटिंग म्हणवत नाही. प्लेट लाल व्हायला तयार नाही, आणि कंटाळून कापायच्या ऑक्सिजनची लिव्हर दाबली की ठिणग्या उलट अंगावर. फोरमन म्हणाले, "या गॅसमध्ये दम नसतो, सवय कर." मी ते खरं मानलं.

दम होता. टॉर्चला नोझल, म्हणजे ज्योत निघते ते पुढचं टोक, ॲसिटिलीनचं होतं.

हे नीट समजून घ्या, कारण टॉर्च काहीच सांगत नाही. एनएम टॉर्चमध्ये, म्हणजे नोझलमध्येच गॅस मिसळणाऱ्या टॉर्चमध्ये, दोन्ही गॅसची नोझल बसतात. सीट जुळते, नट आवळला जातो, गळती नाही. ॲसिटिलीनचं एएनएम नोझल अखंड तांब्याचं, सपाट तोंडाचं, मधल्या भोकाभोवती बारीक गोल भोकं असलेलं. एलपीजीला लागतं पीएनएम. ते दोन तुकड्यांचं, आत खाचा पाडलेला पितळी गाभा आणि बाहेर तांब्याचं कवच. गाभा तोंडापासून किंचित आत असतो. महत्त्व त्या किंचितलाच आहे. एलपीजीतल्या प्रोपेनची ज्योत ॲसिटिलीनच्या निम्म्याहून कमी वेगाने जळते, त्यामुळे सपाट तोंडावर गॅसचा झोतच तिला ढकलून देतो. ऑक्सिजन वाढवला की ज्योत नोझल सोडते आणि फट्कन विझते. ती विझू नये म्हणून मी ऑक्सिजन कमी ठेवत होतो. आणि प्रोपेनला ऑक्सिजन लागतो भरपूर. ॲसिटिलीनला टॉर्चमधून साधारण जेवढ्यास तेवढा पुरतो, याला जवळपास चौपट. म्हणजे उपाशी ज्योतीने मी प्लेट तापवत बसलो होतो.

शेवटी शेडच्या शेजारच्या भागातल्या एका वयस्क कटरने माझं नोझल काढून माझ्याच तळहातावर ठेवलं आणि बाजूला त्यांचं ठेवलं. बोलले काहीच नाहीत. मला विचाराल तर उस्ताद असाच निवडावा, वस्तू हातात देणारा. "सवय होईल" म्हणणाऱ्याकडून काहीही शिकू नका.

नोझल बरोबर असलं तरी पहिली निळी ज्योत दिसली की थांबू नका, ॲसिटिलीनची सवय इथेही दगा देते. आतले शंकू आखूड, टोकदार होईपर्यंत ऑक्सिजन वाढवा, मग लिव्हर दाबून ज्योत पुन्हा बघा. प्रोपेनची ज्योत सुमारे २८०० अंशांची, ॲसिटिलीनची ३१०० च्या वर. शिवाय याची बरीचशी उष्णता बाहेरच्या ज्योतीत असते. म्हणून टॉर्च थोडा वर धरा, कडेपासून सुरुवात करा आणि घाई करू नका. घाबरूही नका. पोलाद ९०० अंशांच्या आसपास पोचलं की पुढे ऑक्सिजनमध्ये लोखंड स्वतःच जळतं, तिथून वेगात फारसा फरक राहत नाही. गुजरातेत अलंगच्या जहाजतोडणीत अख्खी जहाजं एलपीजीवर कापतात. मला हात बसायला दोन आठवडे लागले.

गॅस वेल्डिंग मात्र यावर करू नका, पोलादाचा सांधा चांगला येत नाही.

जुगाडाबद्दल मी कडक आहे. घरगुती रेग्युलेटर लावायचा नाही. ॲसिटिलीनचा जुना पाइप तारेने बांधून वापरायचा नाही, एलपीजीने आतलं रबर खराब होतं. हा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड, गळला तर खड्ड्यात, गटारात साचून राहतो आणि वास नाकापर्यंत उशिरा येतो. जेवणाच्या सुट्टीतही सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, नुसता टॉर्चचा नाही.

मोठं काम सलग चाललं की सिलिंडरवर दव, मग बर्फ दिसतो आणि दाब पडतो. कोणी त्यावर टॉर्च फिरवून गरम करायला सांगेल, कोणी सिलिंडर आडवा करायला. दोन्ही करू नका. दुसरा सिलिंडर मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडर एकत्र जोडणाऱ्या नळीवर, जोडून मागा, नाही मिळाला तर काम थांबवून बसा.