मास्क चेहऱ्याला खरंच बसतोय का? फिट टेस्ट अशी करा

नाशिकच्या अंबड, सातपूर, सिन्नर साइडला फाउंड्री, शॉट ब्लास्टिंग, ग्राइंडिंगवाली युनिटं भरपूर आहेत आणि बहुतेक ठिकाणी स्टोअरमधनं मास्क मिळतो, रजिस्टरवर सही होते, विषय संपला. पण मास्कवरच्या एन९५ चा अर्थ एवढाच की त्याचं कापड ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे ९५ टक्के तरी कण अडवतं, नाकाशेजारी फट राहिली तर धूळ कापडातनं कशाला जाईल, ती फटीतनंच आत येणार. वाळूतली सिलिका फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार, आणि तो बरा होत नाही, म्हणून एकेका माणसाला मास्क घालून तपासावंच लागतं.

टेस्ट चवीवर चालते: हूडमध्ये चवीचा फवारा मारायचा, मास्क घालूनही चव लागली म्हणजे कडेला फट आहे. टेस्टच्या किटमध्ये डोक्यावर घालायचा हूड, दोन नेब्युलायझर (दाबून फवारा मारायचे) आणि दोन सोल्युशन येतात, एक पातळ आणि एक स्ट्राँग. किट सॅकरीनवालं असेल तर दोन्ही गोड लागतात, बिट्रेक्सवालं असेल तर दोन्ही कडू. दोन्ही नेब्युलायझरवर आधीच मार्करनं लिहून ठेवा, अदलाबदल झाली तर सगळी मेहनत पाण्यात.

टेस्टच्या आधी १५ मिनिटं खाणं, चहा, बिडी, च्युइंगम बंद, साधं पाणी चालेल. आपल्याकडे गुटखा-तंबाखूचं खास बघायचं, तोंडात बार असलेल्या माणसाला काय चव कळणार? तसंच दहाच्या सुट्टीत तर्रीवाली मिसळ हाणून आलेल्याला लगेच हूडखाली बसवू नका.

आणि दाढी. नुसती खुंटं असली तरी मास्कची कड कातडीला चिकटत नाही, त्यामुळे टेस्ट घ्यायचीच नाही, आधी दाढी करून या म्हणायचं. आपल्याकडे श्रावणात कित्येक जण दाढी करत नाहीत त्यामुळे तारीख श्रावणाआधी टाका नाहीतर अर्धी शिफ्ट परत पाठवावी लागेल. अर्थात धुळीत काम असेल तर श्रावणातही तेच लागू, तोवर त्या माणसाला दुसरं काम द्या.

आता आधी मास्क न घालता हूड घाला आणि पातळ सोल्युशनचे १० दाब मारा, माणसानं तोंड थोडं उघडं ठेवून जीभ जराशी बाहेर काढून श्वास घ्यायचा. चव कळली तर आकडा १० लिहा, नाही कळली तर अजून १०, मग अजून १०. ३० ला पण काहीच लागलं नाही तर त्या माणसाला ते सोल्युशन उपयोगाचं नाही, दुसऱ्या चवीचं वापरा. नंतर चूळ भरायला लावा आणि चव पूर्ण जाऊ द्या.

मग मास्क. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा कानाखालनं मानेवर. खालचा पट्टा कापून टाकणारे किंवा दोन्ही मानेवर लटकवणारे महाभाग प्रत्येक लाइनवर असतात, नीट बघा. नाकाची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी बसवायची, एका हाताच्या चिमटीत धरली की मधे टोक येतं आणि बाजूला फट. बायकांची ओढणी किंवा स्कार्फ कडेखाली अडकलेला नको. चष्मा, हेल्मेट रोज घालत असतील तर आत्ताही घालायचं. ५ मिनिटं तसंच राहू द्या.

आता हूड परत घाला, स्ट्राँग सोल्युशनचे मघाच्या आकड्याइतके दाब मारा आणि दर ३० सेकंदांनी त्याच्या निम्मे मारत राहा. तोवर माणसानं एकेक मिनिट साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, बोलणं, कमरेत वाकणं, शेवटी परत साधा श्वास. बोलायला १०० पासून उलटे आकडे म्हणायला लावा, बाकीची पोरं हसतात पण जबडा चांगला हलतो आणि बहुतेक मास्क तिथंच उघडे पडतात.

मधे कधीही चव लागली तर फेल. चूळ भरून, चव गेल्यावर मास्क नीट बसवून परत एकदा करा, तरी फेल तर दुसरी साइज किंवा दुसरं मॉडेल. एकाच मापाचा पेटारा सगळ्यांना बसेल ही अपेक्षाच चूक आहे, बारीक चेहऱ्याच्या पोरींना तर खासकरून. पर्चेसवाले कुरकुर करतील, करू द्या.

नाव, तारीख, मास्कचं मॉडेल आणि साइज लिहून ठेवा. वर्षातनं एकदा परत, शिवाय मॉडेल बदललं, वजन बरंच वाढलं-घटलं किंवा दातांचं मोठं काम झालं तरी परत. पास झालेल्यानंही रोज मास्क घातल्यावर हातानं झाकून जोरात श्वास घेऊन-सोडून बघायचं, कडेनं हवा लागली तर परत बसवायचा. द्राक्षबागेत फवारणीला हाच मास्क नेणाऱ्यांना सांगून ठेवा की औषधाची वाफ यानं अडत नाही, त्याला कार्ट्रिजवाला लागतो.

नेब्युलायझर सकाळी आणि दुपारी पाण्यानं धुवा. गोड सोल्युशन आत सुकून भोक बुजतं, फवारा येत नाही, आणि मग कुणालाच चव लागत नाही म्हणून सगळी शिफ्ट पास होते.