पायोनियर पूर्वजाचे वडील नेमके कोण? दोन कागद दोन नावं सांगतात तेव्हा या चुका टाळा

माझ्या नवऱ्याचं घराणं अमेरिकेतल्या ओरेगनचं. त्याचे खापरपणजोबा १८५२ मध्ये इलिनॉयहून बैल जुंपलेल्या वॅगनमधून ओरेगन ट्रेल या जुन्या वाटेनं तिकडं वस्ती करायला गेले (अशांनाच पायोनियर म्हणतात), हे घरातल्या लहान पोरालाही तोंडपाठ आहे. पण या खापरपणजोबांचे वडील कोण असं विचारलं की दोन उत्तरं येतात. १९०९ च्या मृत्यूच्या दाखल्यावर विल्यम, आणि काउंटीच्या (म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या) जाडजूड छापील इतिहासात जेम्स. सासूबाई जेम्सवाल्या, नणंद विल्यमवाली, आणि मी मधे. दोन वर्षं यात घातली, बऱ्याच चुका केल्या, त्यातल्या ज्या कुणाच्याही हातून होतील त्या इथे सांगते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मतं मोजणं. ऑनलाइन बघितलं तर लोकांनी टाकलेल्या चाळीसेक ट्रीमध्ये (वंशवृक्षांमध्ये) जेम्स आणि पाचसहात विल्यम, मी लगेच जेम्स टाकून मोकळी झाले. नंतर एकेक ट्री उघडून बघितली तर चाळीसही जणांकडे आडनावाच्या स्पेलिंगमधली तीच चूक, तीच अर्धवट तारीख, म्हणजे एकाच छापील परिच्छेदावरून सगळ्यांनी उतरवून घेतलेलं. पुरावा चाळीस नाही, एकच आहे. आणि छापलंय म्हणजे खरं असंही धरू नका, गुस्ताव अंजू नावाच्या माणसानं (१८६३–१९४२) पैसे घेऊन श्रीमंत अमेरिकन घराण्यांना खोट्या वंशावळी करून दिल्या, त्यात मधे मधे खरे कागद पेरलेले असायचे म्हणून लोकांचा विश्वास बसला, आणि त्या अजूनही ट्रींमध्ये फिरताहेत.

दुसरी चूक, अख्खा कागद एकदम खरा किंवा एकदम खोटा ठरवणं. आमचा मृत्यूचा दाखला घ्या. मृत्यूची तारीख आणि कारण डॉक्टरनं लिहिलंय, तो तिथे होता. पण वडिलांचं नाव कुणी सांगितलं? खाली माहिती देणाऱ्याची सही असते तिकडं बघायचं, आमच्याकडं ती जावयाची आहे, ज्याचा जन्मच ओरेगनचा, इलिनॉय त्यानं कधी बघितलंही नव्हतं. त्याच दाखल्यात आईच्या नावापुढं सरळ 'माहीत नाही' लिहिलंय. म्हणून मी दाखला बाजूला टाकला, आणि तीच माझी पुढची चूक झाली, कारण सांगणारा लांबचा होता म्हणजे त्यानं चुकीचंच सांगितलं असं होत नाही. एका कागदात तीनचार वेगळ्या माणसांची माहिती असते, प्रत्येक ओळीला वेगळं विचारायचं: हे कुणी सांगितलं, त्याला कसं माहीत, आणि घटनेनंतर किती वर्षांनी सांगितलं.

घरच्या बायबलमधल्या नोंदींनाही हेच लावा. आधी बायबल कुठल्या साली छापलंय ते पान बघा. छपाई १८६० ची आणि जन्मांच्या नोंदी १८०५ पासूनच्या, सगळ्या एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत, तर कुणीतरी एका बसणीत आठवून लिहिल्यात.

आता सेन्सस, म्हणजे जनगणना. १७९० ते १८४० पर्यंतच्या सेन्ससमध्ये फक्त घरातल्या कर्त्याचं नाव, बाकीचे नुसते वयोगटाचे आकडे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आलं, पण नातं लिहायचा रकाना १८८० पर्यंत नव्हता. १८५० मध्ये आमचे खापरपणजोबा वीस वर्षांचे, जेम्सच्या घरात, तेच आडनाव, जेम्सच्या मुलांच्या रांगेत. बघणारा म्हणणारच की मुलगा आहे. पण पुतण्या असला, बायकोला आधीच्या नवऱ्यापासून झालेला मुलगा असला, कामाला ठेवलेला लांबचा नातेवाईक असला, तरी कागद अस्साच दिसला असता.

जन्मस्थळावरून तर मी कित्येक महिने वाया घालवले. १८८० ला वडिलांचं जन्मस्थळही विचारायचे, तिथे आमच्यांनी व्हर्जिनिया सांगितलंय, आणि १८५० मध्ये साठ वर्षांच्या जेम्सनं स्वतःचं केंटकी. मला वाटलं झालं, जेम्स बाद! पण केंटकी १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग होता, १७९० च्या आसपास तिथे जन्मलेल्याला दोन्ही नावं बरोबर. मेनही १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्सचाच भाग होता. हद्दी कधी बदलल्या ते आधी बघा, अर्धी भांडणं तिथेच मिटतात. (ज्यांचे पूर्वज वसाहतींच्या काळातले आहेत त्यांनी कॅलेंडरही बघावं, १७५२ च्या आधी इंग्रजी वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळं नोव्हेंबर १७३० चं लग्न आणि फेब्रुवारी १७३० चं मूल दिसलं तर मूल लग्नानंतरचंच आहे.)

आपण मराठी माणसं एका ठिकाणी हमखास फसतो, ते म्हणजे नात्याचे शब्द. आपल्याकडं चुलता वेगळा, मामा वेगळा, पुतण्या वेगळा, भाचा वेगळा, त्यामुळं इंग्रजी शब्द वाचला की आपण लगेच एक नातं पक्कं करतो. जुन्या कागदात मदर-इन-लॉ म्हणजे सावत्र आईही असू शकते, कझिन म्हणजे पुतण्याही, ब्रदर म्हणजे मेहुणासुद्धा. सीनियर-ज्युनियर म्हणजे बापलेक असतीलच असं नाही, एका गावात एकाच नावाचे दोघं असले की मोठा सीनियर, धाकटा ज्युनियर, आणि सीनियर वारला की कालचा ज्युनियर सीनियर व्हायचा. आणि इन्फंट म्हणजे तान्हं बाळ नाही, तर एकवीस वर्षांखालचा, आपल्या जमिनीच्या कागदात 'अज्ञान' लिहितात तो अर्थ. या एका शब्दानंच आमचं कोडं सुटलं.

झालं असं की मी जन्माचीच नोंद शोधत बसले होते, आणि १८३० च्या इलिनॉयमध्ये सरकारी जन्मनोंद हा प्रकारच नव्हता. जन्म-मृत्यूचं नसेल तर जमीन आणि वारसा बघायचा, कारण जिथं पैसा आणि एकर आहेत तिथं कोर्ट नाव नीट लिहून घेतं. १८५० च्या डोनेशन लँड क्लेम कायद्यानं (वस्ती करणाऱ्यांना सरकारी जमीन देणारा कायदा) ओरेगनमध्ये आमच्यांसारख्या नंतर आलेल्या जोडप्यांना ३२० एकर मिळायचे, निम्मे बायकोच्या नावावर, त्यामुळं लग्नाचा पुरावा द्यावा लागायचा. नॅशनल आर्काइव्ह्जमधून ती फाइल मागवली, त्यात आईवडील नाहीत, पण लग्नाची तारीख आणि जन्माची काउंटी मिळाली. त्या काउंटीच्या प्रोबेटमध्ये, म्हणजे वारशाच्या कोर्टकागदांत, १८३८ ची गार्डियनशिप (अज्ञान मुलांसाठी पालक नेमल्याची नोंद) निघाली, त्यात 'विल्यम, मयत, याचे इन्फंट वारस' म्हणून तीन मुलांची नावं, त्यात आमचे आठ वर्षांचे, आणि गार्डियन म्हणून जेम्स, मयताचा भाऊ.

म्हणजे जेम्स चुलता. त्यानंच वाढवलं, म्हणून छापील इतिहासात तो बाप झाला, आणि जावयाला बहुतेक सासऱ्यांनीच खरं नाव सांगितलेलं. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, सांभाळलं तर जेम्सनंच ना. ते खरंच आहे, म्हणून त्याची नोंदही मी ट्रीमध्ये सांभाळणारा पालक म्हणून ठेवलीय.

डीएनएनं हे सुटलं असतं असं कुणाला वाटेल, पण विल्यम आणि जेम्स सख्खे भाऊ, बापाकडून मुलाकडं जाणारा वाय क्रोमोसोम दोघांचा एकच, त्या टेस्टला फरक कळणार नाही. दुसरी, म्हणजे सगळ्या नातेवाइकांशी जुळणी बघणारी ऑटोसोमल टेस्ट केली तरी विल्यमच्या इतर मुलांचे आजचे वंशज माझ्या नवऱ्याच्या पिढीचे असतील तर ते त्याचे फोर्थ कझिन लागतात, आणि एवढ्या लांबच्या नात्यात साधारण निम्म्या जोड्यांत मॅच दिसतच नाही, म्हणून मॅच नाही म्हणजे नातं नाही असं धरू नका.

आणि निकाल लागला की दोन्ही बाजू सविस्तर लिहून ट्रीला जोडा, जेम्सचं नाव का आलं हेसुद्धा, नाहीतर पुढचा कुणीतरी परत जेम्स टाकणार. मी लिहायला बसले तेव्हाच माझ्या लक्षात आलं की गार्डियन नेमला म्हणजे आईही गेलेली असं मी धरून चालले होते. तेव्हा आई जिवंत असली तरी मुलांच्या मालमत्तेसाठी पुरुष गार्डियन नेमायचे, सर्रास. त्यामुळं आईच्या नावाची जागा मी परत रिकामी केलीय. विल्यमची जमीन विकली गेली असेल तर विधवेला तिचा डावरचा हक्क (नवऱ्याच्या जमिनीतला विधवेचा वाटा) सोडल्याचं लिहून द्यावं लागलं असणार, म्हणून सध्या त्या काउंटीची १८३८ नंतरची डीडची (जमिनीच्या खरेदीखतांची) पुस्तकं एकेक पान करून वाचतेय.