आपल्या स्वभावाला शोभेल असा युनिसेक्स निश परफ्यूम कसा निवडायचा

परफ्यूम म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, लेडीज की जेन्ट्स? मला मनापासून वाटतं की हा प्रश्नच बाजूला ठेवा, कारण चंदन, वाळा, केशर यांना बाई-पुरुष काही कळत नाही, ते सगळं बाटलीवरच्या लेबलनं ठरवलेलं आहे. अठराव्या शतकात जर्मनीतल्या कोलोन शहरात फारिना या सुगंध बनवणाऱ्यांनी लिंबू-संत्र्याच्या जातीचं जे सुगंधी पाणी बनवलं, ज्यावरून ओ द कोलोन हे नाव पडलं, ते बायकाही लावायच्या आणि पुरुषही. गर्लां या फ्रेंच परफ्यूम कंपनीचा १८८९ चा जिकी, तोही दोघांनी लावला. म्हणजे युनिसेक्स हे काही आजचं फॅड नाही.

निश म्हणजे काय, तर शंभरातल्या नव्वद जणांना आवडावा असा हिशोब न करता एखादी कल्पना धरून बनवलेला परफ्यूम. त्यामुळे तो कुणावर इतका खुलतो की बस, आणि कुणावर अगदी उपरा वाटतो. म्हणून इथे स्वभाव बघूनच निवडावा लागतो.

पहिली पायरी, नोट्सची, म्हणजे परफ्यूममधल्या वेगवेगळ्या वासांची, यादी वाचायच्या आधी एवढंच ठरवा की आपला वास लोकांना किती अंतरावरून यायला हवा. "मी रोमँटिक आहे का बोल्ड" असल्या प्रश्नांपेक्षा यातून खूप जास्त कळतं. घमघमाट हवा, की बाजूला बसलेल्याला जाणवेल इतका दरवळ हवा, की फक्त मिठी मारणाऱ्यालाच कळावा? मेझों फ्रान्सिस कुर्कजियां या ब्रँडचा बाकारा रूज ५४० घ्या, २०१५ साली बाजारात आलेला, बाकारा या क्रिस्टल बनवणाऱ्या कंपनीला २५० वर्षं झाली त्या निमित्तानं जन्मलेला. केशर, जाई, अंबर, देवदाराच्या जातीचं लाकूड आणि त्यात साखर वितळतेय असा गोडवा. माणूस खोलीतून निघून गेला तरी हा वास तिथेच रेंगाळतो. चारचौघांत ज्यांना मोकळं वाटतं, कुणी वळून बघितलं तर आनंद होतो, त्यांना हा शोभतो. बुजऱ्या माणसानं लावला तर दिवसभर तोच त्याच्या पुढे चालतो आणि माणूस मागे राहतो.

याच्या अगदी उलट म्हणजे २००६ चा मॉलेक्यूल ०१. गेझा शोन या परफ्यूमरनं यात आयसो ई सुपर नावाचा एकच सुगंधी रेणू वापरलाय, बाकी काही नाही. नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीसारखा कोरडा, मऊ लाकडी वास. गंमत अशी की लावणाऱ्याला तो मध्येच येईनासा होतो, मग वाऱ्याची झुळूक आली की परत जाणवतो, आणि काही जणांच्या नाकाला तर तो जवळजवळ येतच नाही. कमी बोलणारी, स्वतःची जाहिरात न करणारी, पण जवळ गेलं की आपलीशी वाटणारी माणसं असतात ना, त्यांच्यासाठी हा.

दुसरी पायरी, वासांची घराणी, म्हणजे लाकडी, धुपाचे, हिरवे असे गट, ओळखा, पण नावावर जाऊ नका. ले लाबो या ब्रँडचा सांताल ३३ (२०११) चंदन समजून घ्याल तर चकित व्हाल, त्यात सिडार, वेलदोडा, व्हायोलेट आणि चामडं एवढं सगळं आहे आणि कित्येकांना तर त्यात चक्क खारवलेल्या काकडीचा वास येतो. स्वतंत्र बाण्याच्या, थोड्या कडक माणसाला तो छान बसतो. कॉम दे गार्सोंचा क्योटो (२००२) म्हणजे देवळातला धूप आणि सुरूच्या जातीचं लाकूड, एकांत ज्यांना बोचत नाही अशांचा.

आणि माझा स्वतःचा लाडका, दिप्तीकचा फिलोसिकोस, १९९६ चा, ऑलिव्हिया जाकोबेतीनं केलेला. अंजिराचं पान तोडलंय कधी? देठातून पांढरा चीक येतो, बोटं चिकट होतात, आणि एक हिरवा, किंचित कडू, दुधाळ वास येतो, मग उन्हात तापलेल्या सालीचा. ते अख्खं झाड यात आहे, नुसतं फळ नाही. घाई नसलेल्या, ऐकून घेणाऱ्या माणसांवर मला हा सगळ्यात सुंदर वाटतो.

तिसरी पायरी म्हणजे टेस्टिंग, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. आधी कागदाच्या पट्टीवर, एका वेळी तीन-चारच, पट्टीवर नाव आणि वेळ लिहा. त्यातले आवडलेले दोन त्वचेवर, एका मनगटावर एक, आणि मनगटं एकमेकांवर घासू नका. मग तिथून सरळ निघून जा. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं जे येतं ते लिंबू, बर्गामॉट असले चटकन उडणारे वास, ते छान असतातच, तो नमस्कार-चमत्कार झाला. खरी ओळख तीन-चार तासांनी होते, वरचं सगळं उडून लाकूड, राळ, मस्क (कस्तुरीसारखा वास) उरतं, त्यालाच ड्राय डाउन म्हणतात. रात्री झोपताना मनगट नाकाशी न्या, तेव्हाही बरं वाटलं तरच पुढे जायचं. मध्ये नाक थकलं तर कॉफीच्या बियांची गरज नाही, स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या, पुरतं.

चौथी पायरी, बाटलीच्या आधी दोन मिलीचं सॅम्पल घ्या आणि तीन वेगळ्या दिवशी लावा. एक कामाचा दिवस, एक माणसांत मिसळायचा, आणि एक असा की ज्या दिवशी तुम्ही दमलेले आहात, कशातच मन नाही. हा तिसरा दिवस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण परफ्यूम निवडतो तेव्हा आपल्याला जसं दिसायचं असतं त्या माणसासाठी निवडतो, पण तो लावून दिवसभर वावरतो तो आपला खरा माणूस, चिडका, थकलेला, कधी गप्प. त्या दिवशी वास डोक्यात जायला लागला, धुऊन टाकावासा वाटला, तर तो तुमचा नाही, कितीही नावाजलेला असो. आणि जो त्या दिवशी अंगावर जुन्या शर्टासारखा बसला, तो बिनधास्त घ्या.

मग प्रकार बघा. ओ द ट्वालेटमध्ये साधारण ५ ते १५ टक्के सुगंधी अर्क असतो, ओ द परफ्यूममध्ये १५ ते २०, एक्स्ट्रेमध्ये त्याहून जास्त, पण जास्त टक्के म्हणजे जास्त दूर जाणारा असं नाही, उलट एक्स्ट्रे कित्येकदा त्वचेलगतच राहतो. बाकारासारख्या दणकट परफ्यूमचे दोन स्प्रे खूप झाले, शांत परफ्यूमचे चार-पाच चालतील. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, वास जास्त टिकतो. त्वचा नाजूक असेल तर आधी थोड्याशा जागी लावून एक दिवस वाट बघा. बाटली कपाटात, उजेड आणि उष्णतेपासून लांब, बाथरूममध्ये अजिबात नको.

रोज लावायला लागल्यावर काही दिवसांनी तुम्हाला तो कमी येतोय असं वाटेल, नाकाला सवय होते म्हणून. अशा वेळी स्प्रे वाढवू नका, घरातल्या कुणाला तरी विचारा, "येतोय का गं?" एवढंच, आणि त्यांना येत असेल तर आहे तेवढंच लावत राहा.