पेशी मेली असं लिहिण्याआधी या चुका टाळा

औषध दिलं, २४ तासांनी एमटीटी (रंगावरून पेशींची स्थिती मोजणारी चाचणी) केली, रंग निम्म्यावर आला आणि वहीत नोंद झाली: निम्म्या पेशी मेल्या. पेशीमृत्यूवर नव्याने काम करणारे बरेच जण पहिल्यांदा इथेच चुकतात. एमटीटीचा जांभळा रंग पेशीतल्या चयापचयावर अवलंबून असतो. पेशींचं विभाजन थांबलं किंवा मायटोकॉन्ड्रिया मंदावले, तरी तो फिका पडतो. एकही पेशी मेलेली नसताना हाच आकडा मिळू शकतो, म्हणून मृत्यू वेगळा मोजा.

मोजताना तरंगणाऱ्या पेशी ओतून देऊ नका. अपॉप्टोसिसमध्ये, म्हणजे पेशीच्या ठरवून झालेल्या मृत्यूत, पेशी आक्रसते, तळ सोडते आणि मीडियममध्ये तरंगू लागते. प्लेट धुताना ते मीडियम फेकलं, तर मेलेल्या पेशी गेल्या आणि धडधाकट तेवढ्या मोजल्या गेल्या. मीडियम सेंट्रिफ्यूज करून त्या पेशी बाकीच्यांत मिसळा. पेशी तळापासून सोडवणारं ट्रिप्सिनही बेतानेच वापरा. त्याने पटल फाटलं की अ‍ॅनेक्सिन (मरणाऱ्या पेशीला चिकटणारं, रंग जोडलेलं प्रथिन) आत शिरतं आणि जिवंत असलेली पेशीही मरणारी दिसते. उलट, ट्रिप्सिनसोबतचं ईडीटीए धुवून काढलं नाही तर ते अ‍ॅनेक्सिनला लागणारं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि अ‍ॅनेक्सिन चिकटतच नाही.

मला सर्वांत घातक वाटते ती चूक मात्र हाताची नाही, विचाराची आहे: अमुक मार्ग जगवणारा आणि तमुक मारणारा, अशी कायमची वाटणी करणं. टीएनएफ (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर) या संकेत देणाऱ्या प्रथिनाचंच पाहा. नावातच 'नेक्रोसिस', म्हणजे पेशी फुटून होणारा मृत्यू, आहे, तरी बहुतेक पेशी नुसत्या टीएनएफने मरत नाहीत. रिसेप्टरवरून निघालेला संकेत आधी एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन जागं करतो आणि त्यातून मृत्यू रोखणारी प्रथिनं तयार होतात. सायक्लोहेक्झिमाइड देऊन ही प्रथिनं बनूच दिली नाहीत, तर तोच रिसेप्टर कॅस्पेस-८ या प्रथिनं कापणाऱ्या विकरामार्फत अपॉप्टोसिस घडवतो. आता कॅस्पेसही रोखले तर पेशी वाचावी ना? अनेक पेशींत तसं होत नाही. आरआयपीके-१, आरआयपीके-३ आणि एमएलकेएल ही प्रथिनांची साखळी मोकळी होते, पटलाला भोकं पडतात, आणि त्याला नेक्रोप्टोसिस म्हणतात. उंदराच्या एल-९२९ पेशींत टीएनएफसोबत कॅस्पेस रोखणारं झेड-व्हॅड दिलं की मृत्यू वाढतो. म्हणून झेड-व्हॅडने पेशी वाचल्या नाहीत, एवढ्यावरून 'औषध विषारी आहे, संकेताचा संबंध नाही' असा निष्कर्ष काढू नका. आरआयपीके-१ रोखणारं नेक्रोस्टॅटिन-१ देऊन पाहा.

पेशीचा वाणही आधी तपासा. एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींत कार्यक्षम कॅस्पेस-३ नसतो, त्यामुळे वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) त्याचा बँड शोधत बसण्यात अर्थ नाही. हेला पेशींत विषाणूचं ई-६ प्रथिन पेशीला मृत्यूकडे नेऊ शकणाऱ्या पी-५३ या प्रथिनाचा नाश करवतं.

वेस्टर्नमध्ये फॉस्फो-एकेटी (पेशी जगवणाऱ्या एकेटी प्रथिनाचं फॉस्फेट जोडलेलं, सक्रिय रूप) घटलेलं दिसलं, तर शेजारी एकूण एकेटी हवंच. प्रथिनच कमी झालं असेल, तर संकेत थांबला असं म्हणता येत नाही. लायसिस बफरमध्ये फॉस्फटेझ इनहिबिटर (फॉस्फेट तोडणाऱ्या विकरांना रोखणारं रसायन) विसरलात, तर तो बँड नमुना तयार करतानाच उडालेला असू शकतो.

शेवटचा मुद्दा वेळेचा. प्लेटमध्ये मेलेल्या पेशी गिळायला भक्षक पेशी नसतात, त्यामुळे अपॉप्टोसिस झालेली पेशीही काही तासांनी फुटते आणि अ‍ॅनेक्सिन आणि पीआय (फाटलेल्या पटलातून आत शिरणारा रंग) दोन्हींनी रंगते. फक्त ४८ तासांचा नमुना पाहिला, तर ती नेक्रोसिसपासून वेगळी ओळखता येणार नाही. ४, ८, १६ आणि २४ तासांचे नमुने घ्या, आणि प्रत्येक वेळी अपॉप्टोसिस घडवणारं स्टॉरोस्पोरिन दिलेली एक प्लेट तुलनेसाठी सोबत ठेवा.